बुधवारची घासणी

सभागृहात ऐंशी खुर्च्या होत्या आणि माणसं सव्वीस. त्यातली अकरा आमचीच. 2019 च्या पावसाळ्यातला शुक्रवार, सकाळचे अकरा. त्या वर्षी डेंग्यूनं हैदराबादेत उच्छाद मांडला होता, आणि आम्ही जामबागेत जनजागृती करायला निघालो होतो. बॅनर लागला होता, समोसे आले होते, माईक दोनदा शिट्टी मारून गप्प झाला होता. फक्त पाहुण्यांसाठी हार आणायचा राहिला होता. आमच्यात एक उस्मानियाचा विद्यार्थी होता, त्याला सगळे ‘तम्मी’ म्हणायचे. त्याला मी पिटाळलं. दोनशे पावलांवर फुलांची दुकानं, पाच मिनिटांचं काम.

तम्मी हार घेऊन आला, आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. ती उजेडासमोर धरून म्हणाला, “अक्का, बघा.” बाटलीत वीस-पंचवीस अळ्या मानेला झटके देत वर-खाली करत होत्या. हारातले गुलाब ज्या बादलीतून काढले, त्याच बादलीतलं ते पाणी.

त्याच वेळी व्यासपीठावर डेंग्यूचा डास कुठे वाढतो यावर व्याख्यान सुरू होतं. ऐकणारे बहुतेक पेन्शनर काका, घरी चोवीस तास नळ असलेले. ज्या बाईच्या बादलीत तो डास खरोखर वाढत होता, तिला आमंत्रण नव्हतं. तिच्याकडून हार मात्र आणला होता. संस्थेचं नाव सांगत नाही, पण ती योजना आखणाऱ्यांत मीही होते, तेव्हा हात झटकून मोकळं होता येत नाही.

जामबाग म्हणजे कोटी आणि मोअज्जम जाही मार्केट यांच्या मधला पट्टा. मराठी माणसाला तो विवेक वर्धिनीमुळे ठाऊक असतो. 1907 सालची ही शिक्षणसंस्था. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे औरंगाबाद-परभणीकडची माणसं शिकायला, नोकरीला इथे यायची आणि काही इथलीच होऊन जायची. आमचं घर त्यातलंच. बाकी शहराला जामबाग ठाऊक आहे ती फुलांसाठी. घाऊक बाजार पुढे गुडीमल्कापूरला हलला, तरी इथली फुलांची दुकानं हटली नाहीत. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या परड्या, ओल्या तरटाखाली मोगरा, आणि ओळीनं बादल्या.

आता आमच्या योजनेविषयी. आधी ‘बेसलाइन सर्वे’ करायचा हे ठरलेलं असतं. फॉर्मवर एक रकाना होता : तापाचा पहिला दिवस. घरोघरी जाणारी आमची आशा कार्यकर्ती उर्दूभाषिक होती, तिला सगळी गल्ली ‘बाजी’ म्हणायची. पहिल्या आठवड्यात तिनं चाळीसेक फॉर्म भरून आणले. बत्तीस जणांचा ताप ‘परसों’ सुरू झालेला. पुण्याहून आलेल्या आमच्या सल्लागारांचे डोळे चमकले. एकाच दिवशी बत्तीस जण, म्हणजे मोठा उद्रेक! ते वर कळवायलाच निघाले होते. बाजी आणि मी एकमेकींकडे बघून पोट धरून हसलो. हैदराबादी ‘परसों’ म्हणजे परवा नव्हे. गेल्या आठवड्यात लागलेला ताप परसों, गेल्या वर्षी झालेलं लग्न परसों, आणि म्हातारे लोक निजामाची गोष्टही परसोंचीच असल्यासारखी सांगतात.

मग तो रकाना बदलला. तारीख विचारायचीच नाही, खुणा विचारायच्या. त्या वर्षी गणपती 2 सप्टेंबरला बसले, 10 ला मोहरमचा आशुरा होता आणि 12 ला विसर्जन. आशुराला बीबीच्या अलमची मिरवणूक शेजारच्या चादरघाटाकडे जाते, ती इथे सगळ्यांनाच आठवते. “गणेश बैठने के पहले की बाद?” “अलम के पहले की बाद?” एवढ्या दोन प्रश्नांत ताप बराचसा नेमका बसायचा. सल्लागारांना हे अशास्त्रीय वाटलं. मला विचाराल तर त्या अख्ख्या सर्वेक्षणातली एवढीच बाब शास्त्रीय होती.

दुसरा घोटाळा बॅनरचा. आंध्र-तेलंगणात ‘फ्रायडे-ड्रायडे’ ही घोषणा जुनीच आहे. शुक्रवारी भांडी रिकामी करा, कोरडी करा. यमक जुळतं म्हणून आम्हीही ती उचलली. बॅनर लावल्यावर तासाभरात एक गृहस्थ बाजीला काळजीनं विचारायला आले, दर शुक्रवारी वाइन शॉप बंद म्हणजे किती आठवडे? बाजीनं त्यांना पाण्याच्या टाक्यांविषयी दहा मिनिटं ऐकवलं. ते निर्धास्त होऊन गेले.

तिसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आमच्या पत्रकात मोठ्या अक्षरात होतं : ‘घाण पाणी साचू देऊ नका.’ तीन लिप्यांत छापलं होतं, आणि तिन्हींत चूक. डेंग्यूचा एडिस डास गटारात फारसा रमत नाही. त्याला स्वच्छ, साठवलेलं, स्थिर पाणी लागतं : बादली, टाकी, कूलर, फुलदाणी, कुंडीखालची बशी. जिच्या बादलीतलं ते पाणी होतं, ती फूलवाली अम्मा पत्रक वाचून घेऊन शांतपणे म्हणाली, “मा नीळ्ळु बागाने उन्नायि.” आमचं पाणी चांगलंच आहे. बरोबरच होतं तिचं. नळाचं ताजं पाणी, गुलाबासाठी मुद्दाम भरलेलं. आम्ही घाणीविरुद्ध बोलत होतो, म्हणून ते दुसऱ्या कुणाला तरी बोलतोय असं तिला वाटलं.

मग तम्मीनं ती बाटली पुढे केली. नंतरच्या साऱ्या कार्यक्रमात त्या बाटलीइतकं काही चाललं नाही. तिला आम्ही रोज नवं पाणी घालायचो आणि तोंडाला मलमलीचं फडकं बांधायचो. चार दिवसांनी अळ्यांचे कोष झाले, मग एका सकाळी फडक्याखाली पायांवर पांढरे पट्टे असलेले डास बसलेले. अम्मा रोज येऊन बघायची. ज्या दिवशी डास दिसले त्या दिवशी तिनं शेजारच्या चौघींना हाकारलं. त्यानंतर मी त्या बाजारात व्याख्यान दिलं नाही.

पण शुक्रवारचं गाडं अडलेलंच होतं. अम्माला मी विचारलं, शुक्रवारी बादल्या घासाल ना? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू दिवाळीच्या सकाळी फराळ करू नका असं मी सांगतेय. “शुक्रवारमा? अय्यो!” आणि बोटं मोडत वार मोजू लागली. सोमवार शंकराचा. मंगळवार हनुमंताचा. गुरुवार साईबाबांचा, दिलसुखनगरच्या देवळासाठी पहाटेपासून गिऱ्हाईक. शुक्रवार लक्ष्मीचा, आठवड्यातला सगळ्यात मोठा दिवस. श्रावणात वरलक्ष्मी व्रताच्या शुक्रवारी तर पाय ठेवायला जागा नसते. शनिवार वेंकन्नाचा. रविवारी लग्नं. मग करंगळी तेवढी उरली, ती माझ्यासमोर धरून म्हणाली, बुधवार. दुपारी दोन ते चार.

आमच्या बैठकीत या बुधवारावर पाऊण तास चर्चा झाली. वरून आलेला वार शुक्रवार, बॅनरवर शुक्रवार. मी एवढंच म्हटलं की अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात; सातव्या दिवशी त्याला एकदा अडवलं की झालं. कोणत्या वारी अडवलं याच्याशी त्या डासाला काही देणंघेणं नाही. शेवटी शुक्रवार बॅनरवर राहिला आणि बुधवार बाजारात गेला. सरकारी कामात असं चालतं.

दोन आठवडे बादल्या ओतल्या आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा अळ्या. अम्मा माझ्यावर उखडली. चूक आमचीच होती. पत्रकात ‘पाणी ओता’ एवढंच होतं. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणजे ओतणं हे निम्मंच काम, खरं काम घासण्याचं. प्लास्टिकचा ब्रश फुलवाल्या विकत घेणार नव्हत्या, आणि आमच्या बजेटात ब्रश नव्हता. पण नारळ जामबागेत मुबलक. अम्मानं नारळाच्या शेंडीची चुंबळ केली आणि बादलीच्या आतून, वरच्या कडेपासून खाली फिरवली. तेव्हापासून तो दिवस ‘बुधवारची घासणी’. आमचं ‘ड्राय डे’ कुणी उच्चारलं नाही.

बजेटावरून आठवलं. 20 ऑगस्टला, जागतिक डास दिनी, आम्ही शाळकरी मुलांना बेगमपेटला नेलं होतं. 1897 साली त्याच तारखेला रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला, तो याच गावात. मुलांना सांगण्यासाठी मी रॉसच्या आठवणी चाळल्या, तर त्यात हुसेन खान भेटला. तापानं आजारी असलेल्या या माणसाला रॉसनं दहा डास चावू दिले आणि डासामागे एक आणा याप्रमाणे दहा आणे दिले. बसमधून परत येताना बाजी म्हणाली, “देखो, उस जमाने में भी मच्छर कटवाने के पैसे मिलते थे.” टोमणा मला होता. बुधवारी दुपारी दोन तास आमच्याबरोबर दुकानोदुकानी फिरणाऱ्या बायकांसाठी आमच्या कागदावर एक पैसाही नव्हता. पाहुण्यांच्या समोशांसाठी होता. पुढच्या महिन्यात त्या बायकांना दिलेले पैसे ‘किरकोळ छपाई’त घातले, याची कबुली आता द्यायला हरकत नाही.

मोजण्याचीही एक अडचण होती. किती बादल्यांत अळ्या सापडल्या, ते बायकांनी दर बुधवारी लिहून ठेवायचं. पाच जणींपैकी तिघींना लिहिता येत नव्हतं. पुण्याच्या सल्लागारांनी ‘सुशिक्षित स्वयंसेवक नेमा’ असं सुचवलं. तेव्हा मला गडचिरोली आठवली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावच्या सुईणींना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा अडचण अशीच होती. श्वास मोजावे लागतात, मिनिटाला पन्नास-साठ, आणि बऱ्याच जणींना मोजता यायचं बारापर्यंत. त्यांनी सुईणी बदलल्या नाहीत, मोजमाप बदललं. लाकडी पट्टीवर मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया. तान्ह्या बाळांची ओळ वेगळी, कारण त्यांचा श्वास मुळातच जलद. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच केलं होतं : गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं.

आमच्याकडे मणी नव्हते, फुलं होती. इथे गजरा ‘मूर’ या मापानं विकतात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मूर. (आखूड हाताच्या फूलवालीकडून गजरा घेऊ नये हे माझ्या आजीचं मत.) अम्मानं तोडगा काढला : ज्या बादलीत अळी सापडली तिच्यासाठी दोऱ्यात एक लाल गुलाबकळी, नाही सापडली तर पांढरी शेवंती. बुधवारी चारला तो गजरा माझ्या हातात यायचा आणि मी फॉर्म भरायची. पहिला गजरा जवळजवळ लाल होता. अहवालाला मी त्याचा फोटो जोडला. वरून शेरा आला : ‘कृपया अनावश्यक छायाचित्रे जोडू नयेत.’

आणखी एक सांगायला हवं, कारण तिथे खरा जीव जाऊ शकत होता. लोक आम्हाला डासांविषयी कधीच विचारत नसत. विचारत ते पपईच्या पानांच्या रसाविषयी, बकरीच्या दुधाविषयी आणि प्लेटलेटविषयी. ताप उतरला की घरचे म्हणायचे, सुटलो. डेंग्यूत धोका बहुधा तिथेच सुरू होतो. ताप उतरल्यानंतरचा एक-दोन दिवसांचा काळ सांभाळायचा असतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, माणूस मलूल पडणं, यातलं काही दिसलं की दवाखाना. आणि अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल; आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन अजिबात नाही. हे आमच्या पत्रकात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात होतं. बाजीनं ते पान फाडून गल्लीतल्या औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर चिकटवलं. पपईच्या रसावर वाद घालू नका, असं ती आम्हाला बजावायची. “पीने दो. बस दवाखाना नक्को भूलना बोलो.”

पितृ अमावस्येला बतुकम्मा सुरू झाली. नऊ दिवसांच्या या सणात फुलांचा गोपुरासारखा ढीग रचायचा : तंगेडू, म्हणजे आपला तरवड, गुनुगू, म्हणजे कुरडू, आणि झेंडू. बाजारात पाय ठरेना, आणि डेंग्यूचेही तेच दिवस. मी धरूनच चालले होते की बुधवार बुडणार. दोनला गेले तर अम्मा गिऱ्हाइकाशी भांडत होती आणि तिची सून मागे उकिडवी बसून शेंडीनं बादली घासत होती. त्या दिवशीच्या गजऱ्यात दोन लाल कळ्या होत्या.

समारोपाचा कार्यक्रम पुन्हा सभागृहात झाला. या वेळी पाहुण्यांच्या हाराबरोबर अम्मालाही बोलावलं. ती आली, पहिल्या रांगेत बसली, आणि हार कुणाकडून घेतला ते बघून नाराज झाली.

2020 च्या मे महिन्यात तेलंगणाचे नगरविकास मंत्री के. टी. रामाराव यांनी नवी मोहीम जाहीर केली : दर रविवारी सकाळी दहा वाजता दहा मिनिटं, घराघरात साचलेलं पाणी काढायचं. वाचून मला हसू आलं आणि मी अम्माला फोन लावला. ती म्हणाली, “पदि गंटलका? अदि मुहूर्तम टैम!” दहा वाजता? ती तर मुहूर्ताची वेळ.

मग तिचं तिलाच आठवलं असावं. जरा थांबून म्हणाली की आता कुठला मुहूर्त. लॉकडाऊन लागल्यापासून ना लग्नं, ना देवळं उघडी. बादल्या मार्चपासून उलट्या घालून ठेवल्या आहेत.

“अळी एकसुद्धा नाही, मॅडम,” ती म्हणाली. “फोटो पाठवू?”