ऑपरेशन पोटाचं, रुसवा किडनीचा!

सुरी चालली आतड्यावर आणि तोंड फुगवून बसली किडनी! माहीत आहे का, मोठ्या ऑपरेशननंतर हे अजिबात दुर्मीळ नाही. हार्ट सर्जरीनंतर तर चार-पाच पेशंटमागे एकाच्या किडनीला कमी-अधिक झटका बसतोच.

कारण बाईसाहेबांचा थाट! शरीराच्या वजनात दोन्ही किडन्यांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का, पण हृदय पंप करतं त्यातलं २० ते २५ टक्के रक्त यांना हवं. दिवसाला १८० लिटर गाळायचं असतं ना! गंमत म्हणजे एवढं असूनही किडनीचा आतला भाग ऑक्सिजनच्या बाबतीत कायम काठावर जगतो. भूल दिल्यावर बीपी घसरलं की पहिली कुरकुर तिथून.

आता कॉटला लटकणारी लघवीची पिशवी बघा. नातेवाईक नाक मुरडतात, सिस्टर मात्र दर तासाला वाकून तिच्यावरचा आकडा टिपतात. हिशोब सोपा : किलोमागे तासाला अर्धा मिली. ६० किलोच्या माणसाला ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे! सलग सहा तास त्याहून कमी भरलं, की 'अक्यूट किडनी इन्ज्युरी'चा, म्हणजे किडनीला अचानक इजा झाल्याचा शिक्का. आयसीयूतला सगळ्यात स्वस्त मॉनिटर हाच, असं आमचं मत.

आणि किडनीची तब्येत सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन? ते म्हणतं, 'येईन, येईन!' मार आज बसतो, रिपोर्टातला आकडा चढायला एक-दोन दिवस लागतात.

रिस्क कोणाला? २००९ साली अमेरिकेतल्या ७५ हजारांहून जास्त सर्जरींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय ५६ च्या पुढे, डायबेटिस, बीपी, हार्ट फेल्युअर, आधीच थकलेली किडनी, इमर्जन्सी ऑपरेशन... यादी अपेक्षितच. पण त्यात आणखी एक नाव होतं : पुरुष असणं. सॉरी, बॉस!

गुडघ्यासाठी रोज पेनकिलर, वर बीपीची ठरावीक गोळी, वर लघवीची गोळी? या तिकडीला डॉक्टर 'ट्रिपल व्हॅमी' म्हणतात, किडनीला तिहेरी फटका! भूलतज्ज्ञांपासून लपवायची चीज नाही ही.

सलाईन जपून द्यायची मध्यंतरी फॅशन होती. २०१८ साली पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या ३,००० पेशंटवरच्या चाचणीने तिला टाचणी लावली. हात आखडता घेतलेल्या गटात किडनीला इजा ८.६ टक्के, सढळ गटात ५ टक्के! (म्हणून 'अजून एक बाटली लावा' असा लकडा नको, जादा पाणी फुप्फुसात साचतं.)

किडनीचं झालं, आता ऑपरेशननंतरच्या उलटीचं. एसटी लागते तुम्हाला? मग तसं सांगून ठेवा! बाईमाणूस, गाडी लागणारी, सिगारेट न ओढणारी, वर मॉर्फिनसारखं औषध : चारही जुळले की ऑपरेशननंतर उलटीची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास. हो, सिगारेटवाल्यांना उलटी कमी! खूश होऊ नका, त्यांची जखम भरायला वेळ लागतो.

जाता जाता, ऑपरेशननंतर सुस्तावलेल्या आतड्यांसाठी च्युइंग गम! चघळलं की आतड्यांना वाटतं जेवण आलं, आणि ती कामाला लागतात. सिझेरियननंतर तर हा उपाय चांगलाच चालतो. मग राउंडला आलेल्या सर्जनच्या लाडक्या प्रश्नाला, 'गॅस पास झाला का?', ऐटीत 'हो' म्हणता येतं.