चार दालनांचें घर

"हृदय भरून आलें", "हृदय पिळवटून निघालें", असे शब्दप्रयोग मराठींत पदोपदीं आढळतात. प्रेम, दया व धैर्य यांचें माहेरघर म्हणून गौरविलेला हा अवयव शरीरशास्त्राच्या दृष्टीनें मात्र एक पोकळ स्नायू आहे. त्याचा आकार ज्याच्या त्याच्या मुठीएवढा आणि प्रौढ मनुष्यांत वजन सुमारें ३०० ग्रॅम. तो छातीच्या अगदीं डाव्या बाजूस असतो, ही समजूत खरी नव्हे. हृदय दोन फुप्फुसांच्या मध्यें, उरोस्थीच्या मागें वसलेलें असून त्याचें निमुळतें टोंक तेवढें डावीकडे कललेलें असतें. त्या टोंकाचा ठोका हातास लागतो, म्हणून हा गैरसमज.

हृदयाची रचना चार दालनांच्या दुमजली घरासारखी आहे. वरच्या दोन दालनांस अलिंद व खालच्या दोहोंस निलय म्हणतात. संस्कृतांत अलिंद म्हणजे दारापुढील ओसरी आणि निलय म्हणजे घर. आलेला पाहुणा प्रथम ओसरीवर टेकतो व मग आंत जातो, तसें रक्त प्रथम अलिंदांत उतरतें व मग निलयांत शिरतें. मधल्या दाराच्या झडपा एकाच दिशेस उघडतात, त्यामुळें आंत गेलेलें रक्त मागें फिरूं शकत नाहीं. निलयांतून बाहेर पडण्याच्या वाटेवरही अशाच झडपा आहेत. डॉक्टर नळीनें जे दोन आवाज ऐकतात, त्यांतील पहिला आंतल्या झडपा मिटण्याचा व दुसरा बाहेरच्या मिटण्याचा. घराच्या उजव्या व डाव्या भागांमध्यें मात्र सलग भिंत आहे. गर्भावस्थेंत तींत एक वाट असते, पण जन्मानंतर ती मिटते.

मग उजवीकडचें रक्त डावीकडे जातें कसें? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलन या वैद्यानें सांगितलें कीं, या भिंतींत डोळ्यांस न दिसणारीं छिद्रें आहेत. तेराव्या शतकांत कैरो येथील इब्न अल् नफीस यानें हें नाकारलें व रक्त फुप्फुसांतून फिरून येतें, असें लिहून ठेविलें. तरी युरोपांत गेलनचेंच मत पुढें कित्येक शतकें चाललें. अखेर १६२८ सालीं विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें साधा हिशेब मांडला. एका ठोक्यास बाहेर पडणाऱ्या रक्तास अर्ध्या तासांतील ठोक्यांनीं गुणिलें, तर येणारा आंकडा शरीरांतील एकंदर रक्ताहून अधिक भरतो. इतकें रक्त अन्नापासून घडोघडीं नवें होणें शक्य नाहीं. अर्थात् तेंच रक्त फिरून परत येत असलें पाहिजे. रोहिणींतून नीलांत तें कोठून जातें, हें मात्र हार्वेस दिसलें नाहीं. ते केसाहून बारीक दुवे १६६१ सालीं मालपिघी यानें बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले.

आतां हा प्रवास क्रमानें पाहूं. सर्वांगांतील अशुद्ध रक्त वरच्या व खालच्या अशा दोन महानीलांतून उजव्या अलिंदांत येतें. तेथून उजव्या निलयांत, तेथून फुप्फुसरोहिणीनें फुप्फुसांत. तेथें प्राणवायु घेऊन शुद्ध झालेलें रक्त चार फुप्फुसनीलांनीं डाव्या अलिंदांत व मग डाव्या निलयांत उतरतें. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी व हृदयाकडे आणते ती नीला, हीच खरी व्याख्या. कारण फुप्फुसरोहिणींत रक्त अशुद्धच असतें. डाव्या निलयास सर्व शरीरास रक्त पुरवावयाचें असल्यानें त्याची भिंत उजव्याच्या सुमारें तिप्पट जाड असते. त्यांतून निघणारी महारोहिणी इंचभर रुंद असून ती कमानीसारखी वळून पाठीच्या कण्यालगत उतरते व बेंबीच्या सुमारास दुभंगून पायांकडे जाते. मिनिटास सुमारें ७० ठोके व दर ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर रक्त, म्हणजे दिवसास सुमारें ७००० लिटर!

पण एवढें रक्त हाताळणाऱ्या या कारभाऱ्यास त्यांतील घोटभरही परस्पर घेतां येत नाहीं. दालनांतून वाहणारें रक्त त्याच्या जाड भिंतींचें पोषण करूं शकत नाहीं. त्याकरितां महारोहिणीच्या उगमाशींच दोन किरीट रोहिणी फुटतात व मुकुटासारख्या हृदयास वेढतात. त्यांची रुंदी अवघी ३ ते ४ मिलिमीटर. तरी एकंदर रक्ताचा सुमारें विसावा हिस्सा त्यांच्या वाट्यास येतो. त्यांच्या आंतून चरबीचा थर सांचत जातो, आणि एखादे वेळीं तो फुटून तेथें रक्ताची गुठळी धरली, कीं पुढील स्नायूची उपासमार होते. अर्ध्या तासाच्या सुमारास तो मरूं लागतो, व मेलेला भाग पुन्हां पूर्ववत् होत नाहीं.

पुष्कळ घरांत येथेंच घात होतो. छातीवर दडपण, डाव्या हातांत किंवा जबड्यांत कळ, दरदरून घाम, धाप, ही लक्षणें दिसतांच कोणी "वात धरला" म्हणून शेक देतो, कोणी "पित्त झालें" म्हणून सोडा पाजतो, आणि सकाळ होण्याची वाट पाहिली जाते. स्त्रियांत व मधुमेहींत तर पुष्कळदां कळही येत नाहीं. नुसता थकवा व मळमळ असते. अशा वेळीं रोग्यास चालवूं नये, तर १०८ क्रमांकास दूरध्वनि करून तडक रुग्णालयांत न्यावें. तो शेवटीं पित्ताचाच विकार ठरला, तर एक फेरी व्यर्थ गेली एवढेंच. पण तसा तो न ठरला, तर त्या फेरीनें एक प्राण वांचलेला असतो.