विश्लेषण : शेतातला नांगर आणि बोटीवरचा नांगर एकच का?

कशेळे परिसरात नांगर म्हटला, की भाताचे खाचर डोळ्यांसमोर येते. त्याच रायगड जिल्ह्यात रेवसच्या बंदरावर ‘बोट नांगरली’ म्हणजे ती थांबवली. शेत नांगरायचे तर नांगर चालता हवा. बोट नांगरायची तर तो हलता कामा नये.

एक शब्द, दोन कामे कशी?

मुळात हे दोन वेगळे शब्द. शेतातला संस्कृत ‘लांगल’पासून आला, बोटीवरचा फारसी ‘लंगर’वरून. मराठीत दोघांचे रूप एक झाले. गंमत म्हणजे दोघांची युक्तीही सारखीच. बोट नांगराच्या वजनाने थांबते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नांगराचे पाते तळाच्या चिखलात रुतते, म्हणून ती थांबते. त्यासाठी ओढ आडवी लागते. वरून ओढ बसली की पाते उपटून येते. फाळ माती कधी सोडतो, हे ठाऊक असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये छोट्या नौकांसाठी नवा नांगर तयार केला, तोही शेतातल्या नांगराच्या आकाराचा. तो आजही वापरात आहे.

मग नांगरलेली बोट सरकते का?

ओढ आडवी राहावी म्हणून दोर लांब सोडतात, पाण्याच्या खोलीच्या साधारण ५ ते ७ पट. पाणी ४ मीटर असेल तर किमान २० मीटर. पण ओहोटीला मोजलेला दोर भरतीला तोकडा पडतो. पाणी ३ मीटर चढले की तोच दोर खोलीच्या तिप्पटही उरत नाही. त्यात वारा सुटला तर नांगर घसरतो आणि बोट खडकावर किंवा शेजारच्या बोटीवर जाते. खलाशी झोपेत असतील तर धक्का बसेपर्यंत कळतही नाही. म्हणून तिथी पाहावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती उधाणाची, अष्टमीच्या आसपासची लहान भरती भांगाची.

‘पोर्ट’, ‘स्टारबोर्ड’ कशासाठी?

नाळ म्हणजे बोटीचे पुढचे टोक. नाळेकडे तोंड केले की डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. समोरासमोर उभ्या दोन खलाशांचे डावे-उजवे उलटे होते. बोटीचे होत नाही. रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. इंजिनाच्या दोन बोटींच्या वाटा छेदत असतील, तर जिला दुसरी आपल्या उजवीकडे दिसते, तिने वाट द्यायची. तिला दुसरीची डावी बाजू, म्हणजे लाल दिवाच दिसतो.

आणि ‘नॉट’?

नॉट म्हणजे गाठ. पूर्वी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी चालत्या जहाजावरून पाण्यात सोडत आणि ठरावीक वेळात हातातून किती गाठी सुटल्या ते मोजत. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ‘ताशी’ त्यातच आले. बातम्यांत ‘ताशी १० नॉट’ सर्रास छापले जाते, ते चूक.