सैल पडलेली पट्टी

जुन्या बाजारातून घेतलेला इंकजेट प्रिंटर चालू करताच शाईची गाडी एका कडेवर धाडकन आपटून थांबत असेल, तर मोटारीस दोष देण्यापूर्वी झाकण उघडून गाडीमागे आडवी ताणलेली पारदर्शक पट्टी अवश्य पाहावी. कारण तिच्यावरील सूक्ष्म रेषा, पुष्कळ यंत्रांत इंचास 150 वा 180, प्रकाशसंवेदकाने मोजल्या तरच गाडीस स्वतःच्या स्थानाचे ज्ञान होते. वाहतुकीच्या हिसक्यांत ही पट्टी आकड्यातून निसटते. प्लग काढून ती पूर्ववत अडकवावी, टोकाची इवलीशी स्प्रिंग ताण देते ना हे न्याहाळावे आणि पट्टी संवेदकाच्या फटीतूनच गेल्याची खातरजमा करावी. तिच्यावरील शाईचा डाग किंचित ओलसर, मऊ फडक्याने हलकेच टिपावा; स्पिरिट मात्र कटाक्षाने वर्ज्य, कारण त्याने काही पट्ट्यांवरील रेषाच पुसल्या जातात.