परसांतील खुराडें आणि घरचीं माणसें

पांच-दहा कोंबड्या बाळगणें हें शेतकऱ्याच्या घरास नवें नाहीं. परंतु त्यांच्या रात्रीच्या निवाऱ्याचा नीट विचार करणारीं घरें थोडींच आढळतात. दिवसभर उकिरड्यावर चरून आलेली कोंबडी सायंकाळीं डालग्याखालीं झांकावी, नाहीं तर ती गोठ्याच्या वाशावर आपली सोय आपण पाहील, अशी सामान्य रीत. मग एखादे रात्रीं मुंगूस किंवा रानमांजर डाव साधतें आणि घरची बाई हळहळते. कारण अंड्यांचे पैसे बहुधा तिच्या गांठीचे असतात व मुलांच्या वह्या-पेन्सिली त्यांतूनच निघतात. म्हणून हा विषय क्षुल्लक मानणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं.

पक्षी आणण्यापूर्वीं खुराडें तयार असावें. दहा कोंबड्या व एक कोंबडा यांस सहा फूट लांब व चार फूट रुंद जागा पुरे. नुसती रात्रीची वस्ती म्हटली तर याहून कमी जागेंतही भागतें, पण पावसाच्या झडींत त्यांस दिवसचे दिवस आंतच काढावे लागतात. तेव्हां दर पक्ष्यास दोन चौरस फुटांचा हिशेब सोडूं नये. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन थेट आंत शिरत नाहीं. तळ फळ्यांचा करून जमिनीपासून दोन फूट उचलावा, आणि पावसाचा मारा येतो तिकडे छपराची वळचण चांगली पुढें काढावी.

थंडी बाधेल या भीतीनें चारी भिंती लिंपून बंद करण्याची खोड आपल्याकडे फार आहे. वास्तविक कोंबडीस थंडीहून कोंदट हवाच अधिक जाचते. विष्ठेंतून निघणारा अमोनिया वायु तिच्या डोळ्यांस व श्वासनलिकेस झोंबतो. खालची अर्धी भिंत तट्ट्याची किंवा फळ्यांची करून वर जाळी लावावी. बाजारांत कोंबड्यांची म्हणून मिळणारी षट्कोनी पातळ जाळी कोंबडीस आंत ठेवते, पण मुंगुसास बाहेर ठेवीलच असें नाहीं. चार पैसे अधिक पडले तरी अर्ध्या इंची चौकटीची जाड जाळी घ्यावी. काटकसर करावयाची तर छपरांत करावी.

बसण्याच्या काठ्या चार-चार फुटांच्या दोन, एकाच उंचीवर असाव्या. एक वर, एक खालीं ठेवल्यास वरच्या काठीसाठीं रोज सायंकाळीं भांडण जुंपतें. त्या पक्क्या ठोकूं नयेत, कारण कोंबड्यांचे गोचीड दिवसा फटींत लपतात व रात्रीं रक्त पितात. काठ्या काढून फटींस चुना फांसतां आला पाहिजे. अंडीं घालण्यासाठीं फूटभर चौरस असे दोन खण काठ्यांहून खालीं ठेवावे. वर ठेवल्यास कोंबड्या त्यांतच झोंपतात व अंडीं घाण होतात.

हें सारें सुतारास सांगून होईल. पण घरच्यांनीं मिळून केल्यास निराळाच लाभ होतो. आजोबांनीं बांबू चिरावे, बापानें खांब पुरावे, मुलांनीं दोरी धरून मापें घ्यावीं व जाळीचा हिशेब मांडावा. (शाळेंत न उलगडलेलें क्षेत्रफळ येथें उलगडतें, असा आमचा अनुभव आहे.) मात्र दार व खणांचें झांकण कोठें असावें हें घरच्या बाईस विचारावें, रोज वांकणार ती. झांकण बाहेरून, कमरेच्या उंचीवर उघडत असलें कीं तिचे कष्ट वांचतात. आणि तिन्हीसांजेस कोंबड्या मोजून कडी घालण्याचें काम एकाच मुलाकडे सोंपवावें. ‘कोणीतरी लावील’ या भरंवशावर उघडें राहिलेलें दार हेंच रानमांजराचें फावणें.

भक्कम खुराडें राणीखेत रोगास अडवीत नाहीं. उत्तराखंडांतील राणीखेत येथें १९२७ सालीं आढळलेल्या या रोगावर आजही औषध नाहीं, लस आहे. पिलांस पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत किंवा नाकांत लासोटा लसीचा थेंब व पुढें सहा ते आठ आठवड्यांचीं असतां टोंचणी, एवढें पशुवैद्याकडून करून घ्यावें. बाजारांतून आणलेला नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा.

पक्षी आणल्यावर पहिले तीन-चार दिवस त्यांस दाणापाणी देऊन आंतच कोंडावें. नंतर दिवस मावळण्यापूर्वीं तासभर सोडावें. अंधार पडूं लागतांच बहुतेक आपण होऊन परत येतात. एखादी झाडावर चढून बसली तर अंधार झाल्यावर हळूच उचलून काठीवर ठेवावी.