पोटरी उडते, पापणी लवते: भीती कशाची, काळजी कशाची

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की वडगाव, कामशेत, तळेगाव भागातली मैदाने पहाटेच जागी होतात. १६०० मीटर धावणे, १०० मीटर, गोळाफेक. पोरे महिनोन्‌महिने घाम गाळतात. त्यांतल्या कितीतरी जणांना कधी ना कधी एक अनुभव येतो. रात्री आडवे झाल्यावर पोटरीतले मांस आपोआप उडू लागते. दुखत नाही, गोळा आलेला नसतो, पाऊलही हलत नाही. कातडीखाली एकाच जागी बारीक टपटप चालू असते, क्षणभर थांबते आणि बोटभर अंतरावर पुन्हा सुरू होते. उठून चालायला लागले की गायब. कुणाला हेच खालच्या पापणीत होते, कुणाला दंडात, कुणाला अंगठ्याच्या मुळाशी. मग मोबाइलवर शोधाशोध होते आणि दोन मिनिटांत पोरगा एएलएस नावाच्या असाध्य आजारापर्यंत जाऊन पोहोचतो. त्या रात्री त्याला झोप लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पोटरी आणखी उडते.

घरात सांगितले तर वेगवेगळी उत्तरे मिळतात. आजी म्हणते वात झालाय. शेजारचे म्हणतात अशक्तपणा आहे, दोन सलाईन लावून घे. पापणी लवत असेल तर डावी की उजवी यावरून शुभाशुभ ठरते. यातून खरे काय ते कळत नाही आणि ज्या गोष्टीची खरोखर काळजी करायला हवी ती बाजूलाच राहते.

आधी हे होते कसे ते पाहू. मज्जारज्जूतली एक चेतापेशी स्नायूच्या एका तंतूला नव्हे, तंतूंच्या अख्ख्या गटाला चालवते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत या गटात जेमतेम दहा-बारा तंतू असतात. पोटरीत हजाराहून अधिक. मेंदूने हुकूम दिलेला नसताना चेतातंतूच्या टोकाकडे एखादा विद्युत् संदेश आपोआप उमटला की तो सगळा गट एकदम आकसतो. म्हणून पोटरी उडालेली उघड दिसते. आणि बाकीचे शेकडो गट स्वस्थ असल्यामुळे सांधा मात्र हलत नाही. अमेरिकेत १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ७० टक्के निरोगी माणसांनी असे उडणे अनुभवल्याचे सांगितले होते. म्हणजे ज्याचे मांस कधीच उडाले नाही, तोच अल्पसंख्य.

‘मांस उडते म्हणजे एएलएसची सुरुवात’

हा सर्वांत जास्त छळणारा गैरसमज, म्हणून त्यावर जरा थांबायला हवे. एएलएसमध्ये स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. मरणाऱ्या पेशीही असे संदेश सोडतात, त्यामुळे त्या आजारात मांस उडते हे खरेच आहे. पण रुग्ण डॉक्टरकडे जातो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच तक्रारीने: चालताना चप्पल पायातून निसटते, शर्टाचे बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, बोलणे नाकातून येते. ताकद जाते आणि स्नायू वाळत जातो, हे त्या आजाराचे मुख्य लक्षण. पाश्चात्त्य देशांत तो वर्षाला लाखात दोनेक माणसांना होतो, तोही बहुधा पंचावन्न ते पासष्टच्या वयात. भारतात सुरुवातीचे वय त्याहून सुमारे दहा वर्षांनी कमी दिसते, तरी विशीतला रुग्ण हा अपवादच. स्टीफन हॉकिंग यांचे नाव इथे हमखास निघते. त्यांचे निदान १९६३ साली, एकविसाव्या वर्षी झाले. पण निदानाआधीच त्यांचा तोल जात होता, ते पडत होते, बोलणे अस्पष्ट झाले होते. केवळ पोटरी उडते म्हणून ते डॉक्टरकडे गेले नव्हते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे स्नायू उडत होते पण तपासणीत अशक्तपणा आढळला नव्हता, अशा १२१ जणांचा पाठपुरावा त्यात होता, कुणाचा २ वर्षे तर कुणाचा ३२ वर्षांपर्यंत. त्यांतल्या एकालाही एएलएस झाला नाही. अनेकांचे उडणे पुढेही कमीजास्त चालू राहिले, पण त्यातून आजार निघाला नाही. माझ्या मते घाबरलेल्या तरुणाला या एका अभ्यासाइतका धीर दुसऱ्या कशाने मिळणार नाही. या भीतीने ग्रासलेल्यांत डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बरेच असतात, हेही सांगायला हवे. आजार पुस्तकात वाचलेला असला की स्वतःची पापणीसुद्धा संशयास्पद वाटू लागते. त्यामुळे घाबरलात म्हणून लाजायचे कारण नाही.

घरच्या घरी ताकद तपासायची सोपी रीत अशी. टाचांवर दहा पावले चाला, मग चवड्यांवर दहा. हात न टेकता उकिडवे बसून उठा. दोन्ही हात उजेडात शेजारी धरून अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग सारखाच भरलेला आहे का, ते बघा. हे सगळे नेहमीसारखे जमले आणि दोन्ही बाजू सारख्या दिसल्या, तर उडण्याला फारसे महत्त्व देऊ नका. ही तपासणी एकदा पुरे. दिवसातून वीसदा केली तर स्नायू दमतात, दमलेले स्नायू जास्त उडतात, आणि भीतीला नवा पुरावा मिळाल्यासारखे होते.

‘तरुणपणी चेतापेशींचे काही होतच नाही’ असे मात्र समजू नये. पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलग्यांत एक आजार दिसतो, त्याचे वर्णन जपानच्या केइझो हिरायामा यांनी १९५९ मध्ये केले. भारतातही त्याचे रुग्ण बरेच सापडतात. बंगळूरच्या निमहान्समध्ये त्यावर मोठे काम झाले आहे. यात बहुधा एकाच हाताचा पंजा आणि कोपरापुढचा भाग बारीक होत जातो, बोटे थरथरतात, आणि थंडीत ती इतकी आखडतात की डिसेंबरच्या लोणावळ्यात सकाळी गाडीची किल्ली धरवत नाही. मान पुढे वाकवली की मज्जारज्जूवर दाब येतो, हे त्याचे कारण मानले जाते. तो काही वर्षे वाढतो आणि बहुतेकांत आपोआप थांबतो. मानेला पट्टा लावून मान वाकवणे लवकर टाळले तर हाताचे नुकसान कमी होते. म्हणून एक हात बारीक दिसत असेल, तर व्यायाम वाढवून तो भरेल याची वाट पाहू नका, चेतातज्ज्ञांना दाखवा.

मग उडते कशाने?

बहुतेकांत उत्तर रोजच्या दिनक्रमातच असते. तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांत पाळी दर आठवड्याला बदलते. शरीराला नव्या वेळेची सवय होते न होते तोच पुन्हा बदल. त्यात जागरण, रात्रपाळीत चहावर चहा, आणि सुट्टीच्या दिवशी राजमाची किंवा लोहगडाची चढाई. कष्टानंतर काही तास, कधी एक-दोन दिवस, वापरलेले स्नायू उडणे अगदी स्वाभाविक आहे. भरतीची तयारी करणाऱ्यांत आणखी एक भर पडते. भारतीय नियमांनुसार कॅफिनयुक्त पेयांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५ मिलिग्रॅमपर्यंत. व्यायामाआधी घ्यायच्या काही पावडरींच्या एका मापातच २०० मिलिग्रॅम असते. शरीरातले निम्मे कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या मापातले अर्धे रात्री अकराला रक्तातच असते, आणि मग झोप का येत नाही याचा शोध दुसरीकडेच घेतला जातो.

पापणीचेही तेच. अपुरी झोप, ताण, चहा-कॉफी, डोळ्यांचा कोरडेपणा, तासन्‌तास स्क्रीन. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ते थांबते. डावी-उजवी याला शरीरशास्त्रात काही अर्थ नाही. डोळा पूर्ण मिटू लागला किंवा त्याच बाजूचा गाल आणि ओठही ओढले जाऊ लागले, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा दाखवून घ्यावे.

श्वास घेण्याच्या पद्धतीनेही स्नायू उडू शकतात, आणि श्वासाबद्दल लोणावळ्यात लिहिताना कैवल्यधामाची आठवण होणारच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ही संस्था स्थापून योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. ज्या गावात श्वास उपकरणांनी मोजला गेला, तिथे तरी ‘श्वास जितका जोरात तितका फायदा’ हा समज टिकू नये. शिक्षकाविना, व्हिडिओ बघून, झपाझप आणि खोल श्वास घेत राहिले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होते. मग मोकळ्या स्वरूपातले कॅल्शियम कमी होते आणि चेतातंतू जरा जास्तच तत्पर होतात. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, स्नायू उडतात, कधी बोटे एकत्र येऊन पंजा आखडतो. रक्तातले एकूण कॅल्शियम तपासले तर ते बरोबरच निघते. घाबरलेला माणूस नकळत असाच श्वास घेतो, म्हणूनच भीतीने उडणे वाढते. अशा वेळी थांबावे, तोंड मिटून नाकाने हळू श्वास घ्यावा. काही मिनिटांत सगळे ओसरते.

‘सलाईन लावले की ताकद येते’ या समजाविषयी थोडक्यात. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. उलट्या-जुलाबांनी माणूस सुकला असेल तर ते लावावे. पोटरी उडते म्हणून लावणे हा पैशाचा अपव्यय आहे. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचीही सध्या चलती आहे. वयस्कांना येणाऱ्या पायाच्या पेटक्यांवर त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही, असे चाचण्यांत दिसले आहे. खरी कमतरता असू शकते, पण तिला कारण असते: लांबलेले जुलाब, दारू, ऊन न मिळाल्याने ड जीवनसत्त्वाचा अभाव, शाकाहारात बी-१२ची तूट, अॅसिडिटीची गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवणे. थायरॉइड जास्त असेल तर वजन घटते, छाती धडधडते, हात कापतात. दम्याच्या साल्ब्युटामॉलनेही हात कापतात आणि जास्त मात्रेत पोटॅशियम उतरते. पण म्हणून पंप स्वतःहून बंद करू नये. पारा असलेली भस्मे घेतल्यावर सर्वांगाचे स्नायू सतत उडत राहण्याचा दुर्मिळ विकार झाल्याच्या नोंदी भारतात आहेत. काय काय घेता ते डॉक्टरांना सगळे सांगा, काढे-चूर्णांसकट. एक साधी रक्ततपासणी यातल्या बहुतेक शंका मिटवते.

फवारणीनंतरचे उडणे वेगळे

आतापर्यंत धीर धरा म्हटले. इथे उलट सांगायचे आहे. मावळात गुलाबाची पॉलिहाऊसे मोठ्या संख्येने आहेत आणि व्हॅलेंटाइन डेसाठी इथली फुले परदेशी जातात. फुलावर डाग चालत नाही, त्यामुळे फवारणी वरचेवर होते, आणि ती बंदिस्त जागेत. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधे. स्नायूला आकसण्याचा निरोप देणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन काम झाल्यावर एक विकर मोडून टाकते. ही औषधे त्या विकरालाच निकामी करतात. निरोप पुसला जात नाही, स्नायू उडतच राहतात आणि शेवटी थकून लुळे पडतात. श्वासाचेही.

‘पोटात गेले तरच विषबाधा’ हा इथला सर्वांत घातक गैरसमज. उघड्या हाताने औषध कालवले, पंप गळून पाठीवरचा शर्ट भिजला आणि तसाच अंगावर वाळला, तर तेवढ्याने कातडीतून विष आत जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांनी विष प्यायले नव्हते. फवारणीनंतर त्याच दिवशी पापणी, चेहरा, दंड उडू लागले, त्यासोबत दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, मळमळ, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या किंवा छातीत घरघर असेल, तर उन्हाचा त्रास म्हणून झोपवू नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, उलटी करायला लावू नका, १०८ला फोन करा आणि औषधाची बाटली लेबलासह दवाखान्यात न्या. यावर ॲट्रोपिन हे उपचाराचे औषध आहे आणि ते वेळेत मिळाले तर माणूस वाचतो. बरे वाटले म्हणून लगेच घरीही आणू नका. एक ते चार दिवसांत मान धरवेनाशी होऊन श्वास अडकू शकतो.

बाटलीवरचा त्रिकोण पाहायची सवय प्रत्येक पॉलिहाऊसमध्ये लागायला हवी: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हातमोजे, मुखपट्टी, धुवायला साबण-पाणी आणि बदलायला कोरडे कपडे ही मालकाची जबाबदारी आहे. आणि पॉलिहाऊसवर कामाला जाणाऱ्या मुलामुलींनो, फवारणीच्या दिवशी अंग उडू लागले तर मुकादम काय म्हणेल याचा विचार करू नका. आधी बाहेर या, आणि सोबतच्याला सांगा.