विश्लेषण : फेरारी की लॅम्बोर्गिनी? शोरूमची किंमत, समृद्धी महामार्ग आणि खापरखेड्याचे गतिरोधक

कोराडी ओलांडून खापरखेड्याच्या दिशेने निघाले की औष्णिक वीज केंद्राची धुरांडी लांबूनच दिसू लागतात. रस्त्यावर मात्र सोबत असते ती कोळशाच्या आणि राखेच्या टिप्परची. १,३४० मेगावॅट क्षमतेच्या या केंद्राच्या गावात पाच-सहा कोटींची इटालियन गाडी हा रोजच्या व्यवहाराचा विषय नाही. पण मोबाइलच्या पडद्यावर तो रोजचाच आहे. फेरारी चांगली की लॅम्बोर्गिनी, हा वाद गावोगावच्या तरुणांमध्ये रंगतो आणि तो बहुतेक वेळा ‘कमाल वेग किती’ इथेच संपतो. खरे तर वेग ही या दोन गाड्यांमधली सर्वांत कमी महत्त्वाची तफावत आहे. चालवताना हाताला काय जाणवते, घरी आणायला किती मोजावे लागतात आणि आणल्यावर ती कुठे चालवायची, हे प्रश्न जास्त मोलाचे आहेत.

ही स्पर्धा ट्रॅक्टरमधून कशी सुरू झाली?

दोन्ही कारखाने उत्तर इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांतात, एकमेकांपासून तासाभराच्या आतल्या अंतरावर आहेत. फेरारी मारानेल्लोत, लॅम्बोर्गिनी सांतआगाता बोलोनेझेत. एन्झो फेरारी हे शर्यतीच्या जगातले. त्यांच्या नावाची पहिली गाडी १९४७ मध्ये रस्त्यावर आली. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे शेतकरी कुटुंबातले आणि महायुद्धानंतर ट्रॅक्टर बनवून श्रीमंत झालेले. आपल्या फेरारीच्या क्लचबद्दल ते तक्रार घेऊन गेले आणि ‘तू ट्रॅक्टर चालव’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा, पण १९६३ मध्ये त्यांनी स्वतःची मोटार कंपनी काढली हे खरे. लॅम्बोर्गिनी नावाचे ट्रॅक्टर आजही बनतात, मात्र ते वेगळ्या कंपनीचे.

आज दोघांचे मालक वेगळ्या वळणाचे आहेत. लॅम्बोर्गिनी १९९८ पासून जर्मनीच्या ऑडीकडे, म्हणजे फोक्सवॅगन समूहाकडे आहे. फेरारीत १९६९ मध्ये फियाटने निम्मा हिस्सा घेतला. २०१५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली आणि त्यानंतर समूहातून वेगळी झाली. म्हणजे मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आणि लाल फेरारी या एकेकाळी दूरच्या का होईना, पण नात्यातल्या गाड्या होत्या.

सचिनच्या फेरारीने काय शिकवले?

मराठी घराघरात फेरारी हे नाव पोहोचले ते सचिन तेंडुलकरमुळे. २००२ मध्ये त्याने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली. त्याबद्दल फियाटच्या वतीने मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. गाडी फुकट होती, पण ती भारतात आणणे फुकट नव्हते. आयात शुल्काची रक्कम सुमारे १ कोटी १३ लाख रुपये निघाली. सरकारने ते माफ करण्याचे ठरवले आणि गदारोळ उठला. सामान्य माणूस मिक्सर घेतानाही कर भरतो, मग ही सवलत कशासाठी, असा प्रश्न विचारला गेला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी शुल्क फियाटने भरले. २०११ मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

या प्रकरणातला धडा अजून जुना झालेला नाही. भारतात इटालियन सुपरकारची किंमत जेवढी मारानेल्लोत ठरते, त्याहून अधिक दिल्ली आणि मुंबईत ठरते.

सहा कोटींतले कंपनीचे किती, सरकारचे किती?

फेरारी आणि लॅम्बोर्गिनी भारतात जोडल्या जात नाहीत, पूर्ण बांधलेल्या स्थितीत येतात. अशा महागड्या गाड्यांवर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून सुमारे ११० टक्के आकारणी होते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणल्याच्या बातम्या झळकल्या खऱ्या, पण त्यावर ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर बसल्याने बेरीज तीच राहिली. त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के दर आहे. आधी जीएसटी आणि भरपाई उपकर मिळून तो गाडीच्या प्रकारानुसार ४३ ते ५० टक्के होता.

हिशोब करून पाहा. बंदरावर उतरताना गाडीचे मूल्य २ कोटी धरले, तर शुल्कासह ते ४ कोटी २० लाख होते. त्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे १ कोटी ६८ लाख. एकूण ५ कोटी ८८ लाख. विक्रेत्याचा नफा यात धरलेलाच नाही.

पुढची पायरी आरटीओची. खापरखेड्याचा मालक असेल तर एमएच-४०, म्हणजे नागपूर ग्रामीण. महाराष्ट्रात आयात गाडीवर मोटार वाहन कर २० टक्के आहे. तो पूर्ण लावला तर वरच्या गाडीला १ कोटी १७ लाखांहून अधिक भरावे लागतील. प्रत्यक्षात कराला कमाल मर्यादा आहे. ती आधी २० लाख होती, २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाख झाली. म्हणजे या गाडीचा प्रत्यक्ष कर भरतो जेमतेम पाच टक्के. त्याच आरटीओत आठ लाखांची पेट्रोल गाडी घेणारा शिक्षक मात्र ११ टक्के, म्हणजे ८८ हजार रुपये मोजतो. रकमेत मोठी गाडी पुढे, दरात छोटी गाडी पुढे. ही मर्यादा नसेल तर गाड्या कमी कराच्या राज्यांत नोंदवल्या जातील, असा युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्य आहेच. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार पुन्हा नोंदणी करावी लागते. तरीही बाहेरच्या पाट्या लावलेल्या महागड्या गाड्या मुंबई-पुण्यात नवलाच्या नाहीत.

नोंदणीचा हा विषय केवळ महसुलाचा नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले, तेव्हा त्या जर्मन गाडीची कायम नोंदणीच झालेली नव्हती. १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते.

चालवताना नेमका फरक काय जाणवतो?

आजची थेट लढत फेरारी २९६ जीटीबी आणि लॅम्बोर्गिनी टेमेरारिओ यांच्यात आहे. पहिली २०२२ मध्ये भारतात ५ कोटी ४० लाखांना आली, दुसरी एप्रिल २०२५ मध्ये सुमारे ६ कोटींना, दोन्ही एक्स-शोरूम. दोन्हींत इंजिन चालकाच्या पाठीमागे, दोन्हींत टर्बो आणि वीज यांची जोड. इथपर्यंत सारखेपणा.

फेरारीत तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि एक विद्युत मोटर आहे. एकत्रित ताकद ८३० अश्वशक्ती आणि ती सगळी फक्त मागच्या चाकांना. दोन चाकांमधले अंतर २,६०० मिलिमीटर, म्हणजे या वर्गात आखूड. कोरडे वजन सुमारे १,४७० किलो. याचा परिणाम असा की स्टीअरिंग जराही वळवले की नाक लगेच वळते. गाडी चालकाभोवती फिरते असे वाटते. मागची चाके किती घसरू द्यायची हे संगणक ठरवतो, पण तो इतक्या बेमालूमपणे ठरवतो की श्रेय चालकाला स्वतःला द्यावेसे वाटते. हेच फेरारीचे खरे कसब.

टेमेरारिओत चार लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, तीन मोटरी आणि ९२० अश्वशक्ती. तीनपैकी दोन मोटरी पुढची चाके ओढतात. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना पाय बिनधास्त दाबता येतो, पुढची चाके गाडी खेचून सरळ करतात. कोरडे वजन १,६९० किलो, फेरारीहून दोनशेवर किलो अधिक. ते वळणात जाणवणारच. पण हिची खरी मजा इंजिनाच्या फेऱ्यांत आहे. टर्बो असूनही ती मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत जाते, जे आजवर शर्यतीच्या गाड्यांचे लक्षण होते. तिच्या आधीच्या हुराकानमध्ये टर्बोविना दहा सिलिंडरचे इंजिन होते आणि त्याचा आवाज हेच निम्मे गिऱ्हाईक आणत असे. २०२४ मध्ये ते उत्पादन थांबले. फेरऱ्यांची संख्या वाढवून लॅम्बोर्गिनीने त्या आवाजाची भरपाई करायचा प्रयत्न केला आहे.

शून्य ते शंभर किलोमीटर वेगाला फेरारीला २.९ सेकंद, लॅम्बोर्गिनीला २.७. हा दोन दशांशांचा फरक माणसाला कळत नाही. निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी निवड करायची तर फेरारी उजवी ठरते. अनुभव कमी असलेल्या हाताला मात्र चार चाकांवर ताकद टाकणारी लॅम्बोर्गिनी अधिक माफ करते. मासेराटीची एमसी२० ही तिसरी इटालियन याच भागातली, मोडेनाची. ६३० अश्वशक्तीची ही गाडी वागायला सौम्य आहे, पण भारतातल्या वादात तिचे नाव क्वचितच येते.

फेरारीची आणखी एक गंमत खापरखेड्याच्या संदर्भात सांगण्यासारखी. तिची ७.४५ किलोवॅट तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर गाडी इंजिन न लावता २५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. नागपूरहून खापरखेडा साधारण वीस किलोमीटर. म्हणजे ८३० अश्वशक्तीची ही गाडी गावात आवाज न करता शिरेल आणि तीही, एका अर्थाने, इथल्याच कोळशाच्या विजेवर.

विदर्भात ती चालवायची कुठे?

समृद्धी महामार्ग हे उत्तर लगेच सुचते. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. रचना ताशी १५० किलोमीटरसाठीची, पण मोटारींना मर्यादा १२०. या गाड्या चार सेकंदांच्या आत तिथे पोहोचतात. उरलेले सातशे किलोमीटर त्याच वेगाने, शेजारच्या क्रेटाच्या बरोबरीने जायचे.

समृद्धी सोडून गावाकडे वळले की प्रश्न बदलतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. या मापाचा चढ दोन्ही गाड्या तिरक्या घालून, नाक उचलण्याची यंत्रणा वापरून पार करू शकतात. अडचण निकषात न बसणाऱ्या, रातोरात डांबर ओतून केलेल्या ब्रेकरची आहे. ते अरुंद आणि टोकदार असतात आणि गाडीचे पोट तिथे घासते. पुढच्या ओठाचा भाग कार्बन फायबरचा असेल तर तो वाकत नाही, तडकतो.

म्हणूनच भारतात लॅम्बोर्गिनीची भिस्त उरुसवर आहे. २०१८ मध्ये ३ कोटींना आलेली ही एसयूव्ही हवेच्या सस्पेन्शनवर जमिनीपासून २४८ मिलिमीटरपर्यंत उंच होते. कंपनीने भारतात २०२१ मध्ये ६९, २०२३ मध्ये १०३ आणि २०२४ मध्ये ११३ गाड्या विकल्या. फेरारीचे उत्तर पुरोसांग्वे, १२ सिलिंडरची, सुमारे साडेदहा कोटींची. फेरारी तिला एसयूव्ही म्हणू देत नाही आणि चालवल्यावर ते पटतेही, कारण तिची उंची १८५ मिलिमीटर आणि स्वभाव स्पोर्ट्स कारचा. पण खापरखेड्याच्या रस्त्यासाठी यातली एकच गाडी निवडायची असेल तर ती उरुस.

घेतल्यानंतरचा खर्च किती?

विम्यात एक विसंगती मजेशीर आहे. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १,५०० सीसीवरील कोणत्याही खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ७,८९७ रुपये. स्कॉर्पिओ असो वा लॅम्बोर्गिनी. खरा भार स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, तो गाडीच्या घोषित मूल्यावर ठरतो. हे मूल्य विमा कंपन्यांच्या तक्त्यात वर्षभरात १५ टक्के आणि चार ते पाच वर्षांत ५० टक्के घसरते. सहा कोटींच्या गाडीचे तीन कोटी कागदावर असे विरतात.

देखभालीत फेरारीची बाजू वरचढ आहे. सात वर्षांची ठरावीक देखभाल कंपनीच्या योजनेत समाविष्ट असते. त्यात टायर आणि ब्रेकसारख्या झिजणाऱ्या वस्तू येत नाहीत. टेमेरारिओचे मागचे टायर ३२५ मिलिमीटर रुंद, २१ इंची. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे त्या मापाचे काही मिळणार नाही आणि डिकीत स्टेपनीही नसते.

नव्या संकरित गाड्यांत विजेचे घटक वाढले, तसे बिघाडाचे स्वरूपही बदलले. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्योगपती गौतम सिंघानिया यांनी मुंबईच्या ट्रान्स हार्बर लिंकवर लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो विजेच्या बिघाडाने बंद पडल्याची जाहीर तक्रार केली होती. असा बिघाड गावचा मिस्त्री सोडवू शकत नाही. त्याला कंपनीचा संगणक आणि उच्च दाबाच्या विजेचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ लागतो.

विदर्भात या दोन्ही कंपन्यांचे अधिकृत सेवा केंद्र नाही, सर्वांत सोयीचे मुंबईतले. त्यामुळे नागपूर ग्रामीणच्या पाटीची गाडी दुरुस्तीला निघाली, तर ती समृद्धीवरून जाईल खरी, पण सपाट ट्रेलरच्या पाठीवर बसून. आणि ट्रेलरवाला भाडे दोन्ही बाजूंचे घेतो.